तुमचे केस, तुमचे प्रश्न : जुन्या काळच्या लाटा घरच्या घरी

लग्नसराई जवळ आली आणि पत्रांचा नुसता पाऊस पडलाय. कुणाच्या संगीतला रेट्रो थीम, कुणाला प्री-वेडिंग फोटोत मधुबालासारखे केस हवेत, कुणाला नाटकासाठी हवेत. म्हणून यावेळी कोंडा, केसगळती, रंग सगळं पुढच्या अंकावर ढकललं आणि फक्त वेव्ह्जचेच प्रश्न घेतलेत. प्रश्न वेगवेगळे असले तरी बहुतेकींची गाडी एकाच ठिकाणी अडलीये, ते पहिल्याच उत्तरात सांगते.

प्रश्न : ताई, माझे केस कमरेपर्यंत आहेत, जाड आणि एकदम सरळ. भावाच्या संगीतला व्हिडिओ बघून केस वळवायच्या गरम रॉडने हॉलिवूड वेव्ह्ज, म्हणजे जुन्या नट्यांसारख्या लाटा केल्या. रॉड २२० वर ठेवला होता, तरी हॉलवर पोचेपर्यंत केस परत जसेच्या तसे सरळ. टेंपरेचर अजून वाढवायला हवं होतं का? (नाशिक)

नको गं, अजिबात नको. २२० हेच खूप झालं, एवढ्या तापमानाला केसातलं केराटिन, म्हणजे केस ज्याचा बनतो ते प्रथिनच खराब व्हायला लागतं आणि मग टोकं झाडूसारखी होतात ती कापल्याशिवाय जात नाहीत. तुझं चुकलं ते टेंपरेचरमध्ये नाही, रॉड काढल्यानंतरच्या पाच मिनिटांत.

नीट सांगते. केसात केराटिनच्या साखळ्या असतात आणि त्यांना एकमेकींशी धरून ठेवणारे बरेच बंध हायड्रोजन बंध असतात. केस ओला झाला किंवा तापला की हे बंध सुटतात आणि केस सुकताना, थंड होताना ज्या आकारात असेल त्याच आकारात ते परत जुळतात. म्हणजे रॉड फक्त केस मऊ करतो, वळण पक्कं होतं ते थंड होताना. तू बट रॉडवरून सोडलीस आणि ती गरम गरम तशीच खाली लोंबत राहिली, त्यात कमरेपर्यंतच्या जाड केसांचं वजन, मग ती लांब होऊनच थंड झाली आणि तोच आकार धरला. आता २२० ठेव नाहीतर अजून काही, होणार तेच.

तर असं कर. आदल्या दिवशी शाम्पू कर, कंडिशनर फक्त टोकांना, आणि त्या रात्री तेल नको म्हणजे नकोच. आपल्याकडे आठवड्याचं तेल चुकवायला जीव होत नाही हे मला माहितीये पण तेलकट केसावर कुठलीच लाट टिकत नाही. केस ओलसर असताना मूस (केस बसवायचा फेस) लाव, पूर्ण वाळव. पूर्ण म्हणजे पूर्ण, कारण ओल्या केसावर गरम रॉड लावला की आतल्या पाण्याची वाफ होऊन केसाच्या दांड्यातच बुडबुडे तयार होतात आणि केस तिथून तुटतो. चर्र आवाज आला की समज, थांब. मग हीट प्रोटेक्टंट, म्हणजे उष्णतेपासून केस वाचवणारा स्प्रे, आणि रॉड २५ मिलीमीटरचा, १६० ते १८० वर. केस नाजूक किंवा कलर केलेले असतील तर १५० च्या आसपासच.

भांग एका बाजूला, खोल. बट जास्तीत जास्त रॉडच्या रुंदीएवढी घे, जाड बट घेतली तर आतले केस तापतच नाहीत. आणि सगळ्या बटा एकाच दिशेने गुंडाळायच्या, ह्यात हयगय नको, एक उजवीकडे एक डावीकडे केली तर शेवटी सुटे सुटे कर्ल मिळतील, लाट नाही. रॉड काढताना ओढू नकोस, वळी तशीच गोल तळहातावर झेल, मुळाशी नेऊन टेकव आणि क्लिप लाव. अशा सगळ्या डोक्यावर वळ्या झाल्या की आता मेकअप कर, साडी नेस, दागिने घाल, हळूहळू सगळं. डोक्यातून घालायचा ड्रेस असेल तर तो मात्र केसाला हात लावायच्या आधीच घालून ठेव. हात लावल्यावर वळी अगदी गार लागली पाहिजे, कोमट पण नाही, तोपर्यंत क्लिप काढायची नाही.

मग ब्रश. इथे बऱ्याच मुली घाबरतात, म्हणतात एवढे कर्ल केले ते विंचरून कसे टाकायचे! पण ब्रश केल्याशिवाय ती लाट होतच नाही. दाट केसांचा ब्रश घे, टोकांपासून सुरू करून वर वर जा. पहिली दोनचार मिनिटं सगळं फुगून पिंजारल्यासारखं दिसेल, तिथे धीर सोडू नकोस, विंचरत राहा, बटा एकमेकींत मिसळतात आणि एकदम सगळ्या मिळून एक लाट पडते. मग लाटेच्या खोलगट भागात आडव्या क्लिपा लाव, वरून हेअर स्प्रे, दहा मिनिटं थांब, क्लिपा काढ. शेवटी तळहातावर तेलाचा एकच थेंब चोळून वरून हात फिरवलास तर चमक येते, तेल इथे चालतं.

आणि एक स्पष्ट सांगते, कमरेपर्यंतचे सगळे मोकळे केस चार-पाच तास लाटेत राहतील ही आशा मी तुला दाखवणार नाही. त्यापेक्षा पुढच्या केसांना कानापर्यंत छान लाट पाड आणि मागे मानेवर सैलसर अंबाडा घाल. जुन्या हिंदी सिनेमातल्या देविका राणीचे फोटो बघ, कपाळावरून कानाकडे उतरणारी लाट आणि मागे बांधलेले केस. साडीवर हेच जास्त खुलतं असं माझं ठाम मत आहे, आणि अंबाड्याला गजरा पण माळता येतो.

प्रश्न : मी हॉस्टेलला राहते, रॉड वगैरे घ्यायला पैसे नाहीत आणि आईला केसांना हीट लावलेली आवडत नाही. केस खांद्याच्या थोडे खाली आहेत. काहीच मशीन न वापरता अशा वेव्ह्ज होतील का? (डोंबिवली)

होतील का म्हणजे काय, मुळात त्या तशाच व्हायच्या! १९३० आणि ४० च्या दशकात अमेरिकेत, युरोपात घरोघरी बायका रात्री केसात पिना लावून झोपायच्या आणि सकाळी विंचरून कामाला जायच्या. त्याला पिन कर्ल म्हणतात आणि मला विचारशील तर घरी करायला यासारखं दुसरं काही नाही, रॉडपेक्षा जास्त टिकतं, कारण केस तासन्‌तास त्याच आकारात राहून सुकतो.

तुला लागेल शेपटीचा कंगवा, पाण्याची स्प्रे बाटली, पत्र्याच्या छोट्या क्लिपा नाहीतर साध्या काळ्या पिना, एक सुती स्कार्फ आणि जेल. जेल विकत आणू नकोस, जवसाचं घरी कर. पाव कप जवस, दोन कप पाणी, मंद गॅसवर ढवळत राहायचं. सात-आठ मिनिटांनी वर पांढरट फेस येतो आणि चमचा उचलला की अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार सुटते, तेव्हाच लगेच गॅस बंद आणि गरम असतानाच मलमलच्या फडक्यातून गाळायचं. गार होऊ दिलंस तर जवस आणि जेल वेगळं होता होत नाही. फ्रीजमध्ये आठवडाभर राहतं, वास बदलला की टाकून द्यायचं. हॉस्टेलला गॅस नसेल तर घरी जाशील तेव्हा आईकडून करून आण, ह्याला ती नाही म्हणणार नाही.

केस धुवून जवळजवळ वाळू दे, हाताला नुसते दमट लागले पाहिजेत. निथळत्या केसावर पिन कर्ल केले तर सकाळपर्यंत सुकणारच नाहीत, मुंबईच्या हवेत तर नाहीच नाही. भांग पाड, एक इंचाची चौकोनी बट घे, जेलचं बोट फिरव, कंगव्याने गुळगुळीत कर. आता टोकापासून सुरुवात. टोक बोटावर गोल गुंडाळ आणि चकलीसारखी चपटी वळी करत करत मुळापर्यंत ये, डोक्याला टेकव आणि दोन पिना फुलीसारख्या लाव. टोक वळीच्या आतच राहिलं पाहिजे, बाहेर निघालं तर सकाळी तिथे माशाच्या गळासारखा वाकडा हूक होतो आणि तो काही केल्या जात नाही.

दिशा कशी ठेवायची ते आता बघ. भांगाजवळची पहिली ओळ घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, त्याखालची दुसरी ओळ उलट, तिसरी परत पहिल्यासारखी. ओळ बदलली की दिशा बदलायची आणि त्यातूनच विंचरल्यावर ती इंग्रजी एससारखी लाट पडते. सगळ्या ओळी एकाच दिशेला केल्यास तरी छान दिसतं, जरा मोठी आणि सैल लाट मिळते, पहिल्या वेळी तसंच करून बघितलंस तरी चालेल.

स्कार्फ बांधून झोप. सकाळी एक पिन काढ आणि वळीच्या आतला केस गालाला लाव. थंडगार लागला तर अजून ओला आहे, परत पिन लाव आणि पंख्याखाली बस. हाताच्या बोटांना ओलावा तितका कळत नाही, गालाला बरोबर कळतो. पूर्ण सुकल्यावरच सगळ्या पिना काढ आणि वर नाशिकच्या मुलीला सांगितलंय तसंच ब्रश कर. पिना पण नसतील तर जुन्या सुती साडीच्या बोटभर रुंद पट्ट्या फाड, बट पट्टीवर गुंडाळ आणि गाठ मार, पिना मिळायच्या आधीपासूनची ती पद्धत आहे आणि झोपताना टोचत पण नाही.

प्रश्न : माझं वय ६४. केस पांढरे आणि मानेपर्यंत कापलेले आहेत. नातीच्या लग्नात मला त्या जुन्या इंग्रजी सिनेमातल्या बायकांसारख्या डोक्याला चिकटलेल्या लाटा करायच्या आहेत. सून म्हणते या वयात कशाला. जमेल का आणि शोभेल का? (सोलापूर)

काकू, शोभेल. मी तर म्हणते तुमच्याइतकं कुणालाच शोभणार नाही, कारण पांढऱ्या केसावर लाटेची प्रत्येक घडी उठून दिसते, काळ्या केसात ती अर्धी हरवते.

तुम्ही म्हणताय त्या फिंगर वेव्ह्ज, १९२० च्या दशकात बायकांनी केस आखूड कापले तेव्हा आल्या, आणि म्हणूनच त्या आखूड केसालाच बसतात. त्याच्याही आधी पॅरिसला मार्सेल ग्रातो नावाच्या केशरचनाकाराने गरम चिमट्याने लाटा पाडायची पद्धत काढली होती, मार्सेल वेव्ह म्हणतात ती. तिला गरम चिमटा लागायचा. तुमच्यासाठी फिंगर वेव्हच बरी, नुसतं पाणी, जेल, कंगवा आणि बोटं.

केस चांगले ओले करा, जवसाचं जेल हात आखडता न घेता लावा, पांढरा केस जरा राठ आणि हट्टी असतो त्याला जास्त लागतं. बाजूला भांग पाडून केस खाली सपाट विंचरा. आता भांगापासून दोनेक बोटं खाली डाव्या हाताचं पहिलं बोट केसावर आडवं दाबून धरा. त्याच्या लगेच खाली कंगवा घाला आणि इंचभर पुढे सरकवा, मुळापर्यंत दात टेकवून. कंगवा न काढता आडवा करा, तिथे एक कंगोरा उभा राहतो. तो पहिल्या आणि मधल्या बोटात हलका चिमटून धरा, मग बोटं त्या कंगोऱ्यावर ठेवून खालचे केस उलट दिशेला विंचरा, परत तसंच. एकदा पुढे, एकदा मागे, कानापर्यंत तीन लाटा पुरतात. कंगोरा वर ओढायचा नाही बरं का, ओढला की तो फाटल्यासारखा दिसतो, बाजूने ढकलून उभा करायचा.

प्रत्येक कंगोऱ्याला क्लिप लावा, वर जाळी बांधा आणि सुकू द्या. ह्याला ब्रश करायचा नाही, करायचाच असेल तर सुकल्यावर अगदी मोठ्या दातांचा कंगवा वरवर. मागच्या बाजूला स्वतःचा हात पोचणं अवघड जातं, खांदा दुखतो, तेव्हा मागचं सुनेला करायला सांगा. हातात कंगवा आला की तिचं कशाला-बिशाला आपोआप बंद होईल. लग्नाआधी महिनाभर दर रविवारी करून बघा. हे बोटांच्या सवयीचं काम आहे, पहिल्यांदा वाकडंच येतं सगळ्यांचं.

प्रश्न : माझं लग्न जुलैमध्ये आहे, भर पावसात, हॉललाही एसी नाही. पार्लरवाली म्हणते वेव्ह्ज टिकणार नाहीत. (रत्नागिरी)

ती खरं बोलतेय, तिच्यावर रागावू नका. कोकणातल्या पावसाळी हवेत इतका ओलावा असतो की केस तो शोषून घेतो आणि जे बंध आपण वाळवून पक्के केले तेच परत सुटतात. स्प्रे कितीही मारा, तो फक्त वेळ लांबवतो.

पण इलाज आहे. मोकळे केस ठेवूच नका. पुढच्या भागाला आदल्या रात्री पिन कर्ल, सकाळी ब्रश करून लाट बसवा आणि प्रत्येक लाटेच्या खोलगट भागात केसाच्या रंगाची यू पिन आतून लपवून लावा, म्हणजे हवेने केस सैल पडला तरी पिन त्याला जागेवर धरते. बाकी सगळा अंबाडा. स्प्रे एकदम भसाभस नको, पातळ थर, सुकू द्या, परत पातळ थर. ओल्या बोटांनी सारखं चाचपू पण नका.

आणि हे सगळ्याच नवऱ्यामुलींना सांगते, हेअर स्प्रेमध्ये अल्कोहोल आणि पेट घेणारा वायू असतो. औक्षणाचं निरांजन चेहऱ्याजवळून फिरतं, होमाशी वाकून बसायचं असतं, तेव्हा स्प्रे मारल्या मारल्या लगेच तिकडे जाऊ नका, पूर्ण सुकू द्या, आणि खोलीत समई किंवा उदबत्ती लावलेली असेल तर तिथे स्प्रे उघडूच नका. हौसेच्या नादात हे कुणाच्या लक्षात राहात नाही म्हणून मी दर वेळी लिहिते आणि लिहीत राहणार.

प्रश्न : आमच्या हौशी ग्रुपच्या नाटकात १९४३ सालची एक अमेरिकन नर्स आहे. मुलीचे केस बॉयकट आहेत, विग सिंथेटिक मिळालाय. रॉड लावला तर वितळेल का? (सांगली)

हो, साधा सिंथेटिक विग रॉडने वितळतो, लावू नका. विगच्या बटा रोलरवर गुंडाळा, पिनांनी पक्क्या करा आणि त्यावर गरम पाणी ओता, कडक गरम पण उकळतं नाही. मग रोलर न काढता गार आणि कोरडा होऊ द्या, एक रात्र पूर्ण. सिंथेटिक धागा तापून मऊ होतो आणि गार होताना आकार धरतो, तो आकार बरेच प्रयोग टिकतो. पाणी ओतताना विग ठोकळ्यावर असू द्या, हातात धरून नको.

आणि तुमचं साल वाचून एक सांगावंसं वाटलं. त्या काळात हॉलिवूडची नटी व्हेरॉनिका लेक तिच्या एका डोळ्यावर उतरणाऱ्या लाटेसाठी प्रसिद्ध होती आणि बायका तिची नक्कल करायच्या. युद्धामुळे त्याच बायका कारखान्यात काम करायला लागल्या तेव्हा मोकळे केस मशीनमध्ये अडकायची भीती, म्हणून अमेरिकन सरकारच्या सांगण्यावरून तिने आपले केस वर बांधून घेतले, १९४३ च्याच सुमाराला. तेव्हा तुमची नर्स ड्युटीवर असेल तर डोळ्यावर लाट नको. पुढचे केस वर गुंडाळून पिना लावा, मागचे कॉलरच्या वरच राहतील असे आत वळवा, वर टोपी. ती लाट ठेवायचीच असेल तर सुट्टीच्या दिवसाच्या प्रवेशात ठेवा, प्रेक्षकाला फरक लगेच कळेल.

प्रश्न : मागच्या वर्षी स्मूदनिंग केलंय. आता वेव्ह्ज होतील का? आणि थेट पर्मिंगच, म्हणजे रसायनाने केस कायमचे कुरळे करून टाकले तर? (पुणे)

तात्पुरत्या वेव्ह्ज होतील, पण लवकर उतरतील. स्मूदनिंगमध्ये केसातले जास्त मजबूत, गंधकाचे बंध तोडून सरळ आकारात परत जोडलेले असतात, पिन कर्लने आपण फक्त हायड्रोजन बंध हलवतो, आतला केस सरळकडेच ओढ घेतो. बट बारीक घ्या, जेल जास्त, सुकवायला वेळ जास्त, आणि मुळाजवळ नवीन वाढलेला केस आणि खालचा केस वेगळा वागेल हे धरून चाला.

पर्मिंग मात्र कृपा करून नको. तेही तेच गंधकाचे बंध परत तोडतं, एकदा तोडून जोडलेल्या केसावर परत तोच मारा झाला तर केस हातात येतो. पर्मिंगची सुरुवातच अशी आहे की कार्ल नेसलर या जर्मन माणसाने १९०५ मध्ये लंडनला विजेवर तापणारं यंत्र दाखवलं, पितळेचे जड रोलर डोक्यावर टांगलेले असायचे, आणि त्याआधी बायकोच्या डोक्यावर करून बघताना तिचे केस जळाले होते. उष्णता न लावता होणारं पर्मिंग १९३८ मध्ये आलं. आताची रसायनं बरीच सौम्य आहेत हे खरं, पण स्मूदनिंग केलेला भाग वाढून कापला जाईपर्यंत थांबा. दीड-दोन वर्षं लागतील, केस नऊ ते बारा इंच वाढवायला तेवढी लागतातच.

प्रश्न : इथे थंडीत हीटरमुळे हवा इतकी कोरडी की ब्रश केला की केस उभे राहतात, वेव्ह बसतच नाही. (टोरांटो)

ती स्थिर वीज. प्लास्टिकचा ब्रश टाका, लाकडी दांड्याचा नैसर्गिक केसांचा घ्या, ब्रशवर हेअर स्प्रेचा हलका फवारा मारून मग विंचरा. लोकरी टोपी लाटांवर थेट नको, आत रेशमी स्कार्फ. बाकी तुमच्याकडच्या कोरड्या हवेत सेट केलेला केस टिकतो मात्र छान.

प्रश्न : केलेल्या वेव्ह्ज दुसऱ्या दिवशीपर्यंत ठेवायच्या असतील तर झोपायचं कसं? आणि एवढा स्प्रे धुवायचा कसा? (कोल्हापूर)

झोपताना लाटांच्या वळणानेच मोठ्या मोठ्या चार-पाच वळ्या करून सैल पिना लावा आणि सॅटिनचा स्कार्फ बांधा, सुती उशीवर केस घासून फिस्कटतात. सकाळी पाणी मारू नका, पाणी लागलं की कालची सगळी मेहनत गेली. नुसता ब्रश आणि हाताने दाबून बसवणं.

धुताना कोरड्या केसावर जोर लावून विंचरू नका, स्प्रेने चिकटलेला केस तुटतो. आधी टोकांना भरपूर कंडिशनर लावून दहा मिनिटं ठेवा, बोटांनी गुंता सोडवा, मग कोमट पाण्याने शाम्पू, लागलं तर दोनदा. आणि मग तेल लावा की हवं तेवढं, आता कुणी अडवत नाही.